बिनम्हशीचं दूध

रतीबवाल्या तात्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, लीटर राहत. किन्हवलीत कोण रोज किती दूध घेतं, यावरून त्यांनी अख्ख्या गावाचं नव्यानं बारसं करून टाकलं होतं. दवाखान्यातले ‘दोन लीटर डॉक्टर’, बाजारपेठेतले ‘दीड लीटर शेट’, देवळामागे एकट्या राहणाऱ्या ‘पाव लीटर मावशी’ आणि शाळेत गणित शिकवणारे माझे वडील म्हणजे ‘एक लीटर गुरुजी’. कुणाच्या मुलीसाठी जवळपासच्या गावातलं स्थळ आलं, की आया गुपचूप तात्यांनाच विचारत. तात्या किटली खाली ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, “घर बरं हाय. सांजचं पन घेतात.” यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्याकडे नव्हतं.

माझ्या लग्नाला ते ठाण्याला हॉलवर आले होते. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि तात्या सरळ माझ्या सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. “रोज किती घेता?” सासूबाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या जरा अभिमानानंच म्हणाल्या, “आम्हाला बाई अर्धा लीटर पुरतं.” तात्यांनी घरातली माणसं मनातल्या मनात मोजली, माझ्याकडे फार कळवळून बघितलं आणि माझ्या वडिलांच्या कानाशी लागले. “गुरुजी, मुलगा चांगला हाय. पन पोरगी वाळंल.” मी काही वाळले नाही, हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. पण तात्या भेटले की आधी माझं मनगट धरून बघत आणि मगच बोलायला लागत.

ते ओढ्यापलीकडच्या पाड्यावर राहत. चार म्हशी, एक गाय आणि थोडी भाताची खाचरं, एवढा त्यांचा पसारा. उजाडता उजाडता त्यांची मोपेड किटल्यांचा खडखडाट करत ओढ्याचा चढ चढायची. दारात येऊन ते एकच शब्द ओरडत, “रतीऽऽब!” त्यातला ‘ती’ इतका लांबायचा, की तेवढ्यात आई पातेलं विसळून दारापर्यंत पोचायची. माप भरून पातेल्यात ओतून झालं, की किटली वाकडी करून ते वर आणखी एक धार सोडत आणि म्हणत, “हे बायचं.” घरात मुलगी असली की ‘बायचं’, मुलगा असला की ‘बारक्याचं’. माप घराचं, पण ही वरची धार घरातल्या धाकट्या पोराच्या मालकीची. मी कॉलेजात जाऊन कानात डूल घालून मिरवायला लागले, तरी माझी धार चालूच होती. आई त्या धारेचा वेगळा चहा करायची नाही, पण मला मात्र पहिल्या घोटात आपली धार ओळखू येते असं बरीच वर्षं वाटायचं.

तात्यांच्या दुधात पाणी असतं, हा किन्हवलीत चर्चेचा कायमचा विषय होता. आई रोज पातेल्यात डोकावून म्हणायची, “तात्या, आज पातळ वाटतंय.” तात्या शांतपणे म्हणायचे, “म्हशीनं प्यायलं तेवढंच पानी हाय त्यात, वैनी.” पावसाळ्यात गवतच पातळ आलेलं असायचं, उन्हाळ्यात म्हैस दमलेली असायची. कुणी फारच लावून धरलं, तर ते डाव्या अंगठ्याच्या नखावर दुधाचा एक थेंब सोडत, अंगठा उभा धरत आणि थेंब जागेवर थांबतो की ओघळतो ते सगळ्यांना दाखवत. थांबला तर दूध घट्ट. बहुधा थांबायचा. ओघळलाच तर “नख गुळगुळीत झालंय, नय काय,” असं म्हणून ते मोपेडला किक मारत. ते पाणी घालत होते की नाही, हे मला आजही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. त्या दुधावर मी वाढले आणि माझी हाडं अजून शाबूत आहेत.

एवढा रतीबाचा पक्का माणूस वर्षातून एक दिवस मात्र अडून बसायचा. वसुबारस. दिवाळीची पहिली पणती लागायचा दिवस, घराघरात फराळाची गडबड, पाहुणे यायला लागलेले, आणि नेमकं त्याच दिवशी तात्यांचं दूध बंद. या दिवशी गाईचं दूध आपण खायचं नाही, ते वासराचं, ही रीत तशी सगळीकडेच आहे. पण आपल्याकडे रीत म्हणजे उपास करणाऱ्या बाईनं पाळायची आणि बाकीच्यांनी खुशाल चहा प्यायचा. तात्यांना हे मंजूर नव्हतं. त्यांच्या गोठ्यात गाय एकच होती, बाकी सगळ्या म्हशी, तरीसुद्धा “म्हशीचं रेडकू काय सावत्र हाय?” असं म्हणून ते सगळी दावी सोडून देत. वासरं-रेडकं दिवसभर आयांना लुचत बसत आणि तात्या दारात उकिडवे बसून ते बघत. त्या दिवशी त्यांच्या घरात धार काढायची नाही, म्हणजे नाही.

आणि हे सांगायला ते स्वतः दारोदार येत. मोपेड नाही, किटल्या नाहीत, हात मोकळे आणि डोक्यावर धुवट टोपी. “आज रतीब वासरांचा,” एवढंच सांगत. दोन लीटर डॉक्टरांनी एकदा पाहुणे आलेत म्हणून फार गळ घातली, तर तात्या म्हणाले, “डॉक्टर, तुमचा दवाखाना ऐतवारी बंद असतो, तवा मी आजारी पडतो का?” आई कुरकुरत काळा चहा टाकायची आणि तात्या पडवीत बसून तोंड वाकडं करत तो प्यायचे. प्रत्येक दारात एक कप, असा गावभरचा काळा चहा त्या दिवशी त्यांच्या पोटात जायचा. ते उठले की आई म्हणायची, “बरं, उद्या तरी वेळेवर या.” आणि तात्या डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणायचे, “वासरांनी ठेवलं तर.” दर वर्षी हेच दोन संवाद व्हायचे आणि एकही शब्द इकडचा तिकडे होत नसे.

त्यांची नात प्राची म्हणजे त्यांचं शेपूट. मुलगा कंपनीत पाळ्या करायचा, सून मुरबाडची, घरकामात गुंतलेली. त्यामुळे प्राचीचं सगळं बालपण तात्यांच्या मागे गोठ्यात गेलं. रेडकांची नावं ती ठेवायची, त्यांच्याशी भांडायची, त्यांच्या अंगावर डोकं टेकून झोपायची. वसुबारशीला तात्यांचं बोट धरून दारोदार हिंडायची आणि “आज लतीब वासलांचा” असं आधी तीच सांगून मोकळी व्हायची. मोठी झाल्यावर शिकायला पुण्याला गेली आणि एका सुट्टीत परत आली ती वीगन होऊन. दूध नाही, दही नाही, तूप नाही, ताकसुद्धा नाही. तात्यांना आधी ही पोटाची तक्रार वाटली आणि त्यांनी तिला ओवा दिला.

भडका उडाला तो खरवसावरून. म्हैस व्यायली होती. पहिल्या चिकाचा खरवस तात्यांनी स्वतः चुलीपाशी बसून, गूळ-वेलदोडा घालून केला आणि पहिली वडी प्राचीच्या ताटात ठेवली. तिनं ताट हळूच मागे सारलं. “तात्या, मला नको. ते रेडकाचं आहे.” शेजारपाजारची माणसं खरवस खायला जमलेली. त्यांच्यादेखत, उभा जन्म दूध घालण्यात गेलेल्या माणसाला त्याच्याच नातीनं हे सांगितलं. तात्यांचं डोकं फिरलं. “जिला माज्या घरचं दूध चालत नाय, तिनं माज्या घरचं अन्न तरी कसाला खावं?”

रक्त एकच. ती ताटावरून उठली, पिशवी भरली आणि मुरबाडला मामाकडे निघून गेली. त्यानंतर पुण्याहून माळशेज घाटानं यायची ती मुरबाडलाच उतरायची आणि तिथूनच परत जायची. सून अधूनमधून माहेरी जाऊन लेकीला भेटून यायची. तात्या तिला काही विचारत नसत. ती परत आली, की फक्त गोठ्यातून त्यांचा आवाज यायचा, “जेवते का गो ती नीट?”

हे सगळं मला त्यांनीच फोनवर सांगितलं, आणि फोन केला तो माझ्या एका फोटोमुळे. ठाण्यात आमच्या घराजवळ नैसर्गिक खाद्यपदार्थांचं, वीगन मालही ठेवणारं एक भलंमोठं दुकान उघडलं आहे. दुकान कसलं, मंगल कार्यालयच. तिथं मी गाजरांच्या टोपलीशेजारी उभी राहून फोटो काढला होता आणि, माणसाला हौस असते, तो स्टेटसला टाकला होता. दिवाळी तोंडावर आली असताना तात्यांचा फोन आला. “बाय, तुमच्याकडं बिनम्हशीचं दूध मिळतं म्हनं.”

मी हसले. तात्या हसले नाहीत. “दिवाळीला ती मुरबाडला यायचीय. माज्या घरी येऊन जेवली पायजे ती, बाय. तिला जे चालतं ते मला पायजे. मी येतो.” मी म्हटलं, तात्या, तुम्ही कशाला दगदग करता, मी घेऊन पाठवते. तर म्हणाले, “रतीब दुसऱ्याच्या हातानं घालायचा नसतो.”

ठरल्या दिवशी ते किन्हवलीहून शहापूरमार्गे आले. पांढरा लेंगा, टोपी आणि हातात किटली. तीच, मोपेडच्या डाव्या अंगाला लटकायची ती. राखेनं घासून अशी लखलखीत केलेली, की तिच्यात मला माझा चेहरा दिसला. “तात्या, ही कशाला?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ठाण्यात राहून माझी अक्कल गेलेली दिसते. “दूध आनायला चाललो ना? भांडं नको?”

दुकानाच्या दारात रखवालदारानं अडवलं. “बाबा, दूध अंदर नहीं ले जाने का.” तात्यांनी झाकण उघडून रिकामी किटली त्याच्या नाकाखाली धरली. “खाली हाय रे. भरायला आनलीय.” मी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, ते बघत होते. तेवढ्यात हिरवा एप्रन घातलेली एक मुलगी धावत आली आणि हात जोडून म्हणाली, “अंकल, ग्रेट! घरचं भांडं घेऊन आलात!” प्लॅस्टिक नको, स्वतःची भांडी आणा, असं ते म्हणे गिऱ्हाइकांना रोज सांगतात आणि कुणी आणत नाही. तिनं तात्यांचा किटलीसकट फोटो काढला. तात्या लग्नातल्यासारखे ताठ उभे राहिले. मग खरेदीला आलेल्या दोन बायकांनीही काढला. मी गाजरांशेजारी काढलेल्या फोटोला एवढा भाव आला नव्हता.

आत गारठा होता. तात्यांनी टोपी कानांवर ओढली. “भाजीला एवढा गारवा? आमच्या इस्पितळात पन नाय.” ती मुलगी आमच्याबरोबरच चालत होती. दुधाच्या फळ्यांपाशी आलो आणि तात्या थबकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते डबे. ते एकेकावर बोट ठेवून विचारायला लागले, “हे कुनाचं?” बदामाचं. “हे?” सोयाबीनचं. “आनि हे?” ओट्सचं, जवासारखं एक धान्य असतं. “धार कशी काढतात?” मुलगी म्हणाली, भिजवतात, वाटतात आणि पिळून गाळून घेतात. “पिळावं तर लागतंच,” तात्या समाधानानं म्हणाले. “बाय, वाच बघू त्याच्यावर काय लिवलंय.”

मी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचायला लागले. “पाणी, ओट्स, तेल, मीठ…”

“थांब. पयलं काय म्हनलीस?”

“पाणी.”

तात्यांनी दुसरा डबा पुढे केला. त्यावरही आधी पाणी. तिसऱ्यावरही. मग मात्र ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. फळीला धरून हसले, टोपी काढून हसले. “उभी किन्हवली माजा जीव खाऊन थकली गो! तुजी आय तर रोज! आनि हे डब्यावर छापून विकतात!” हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “वैनी आज पायजे व्हत्या,” म्हणाले. आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, वडील तर तिच्या आधीच गेले होते. मलाही ती हवी होती, अगदी तिथंच, त्या गार दुकानात.

पुढचा तासभर आम्ही दुकान पालथं घातलं. तात्यांचा ठाम समज होता, की पाकिटावर हिरवा ठिपका असला की झालं, शाकाहारी म्हणजे प्राचीला चालणारच. त्यांनी टोपली भरभरून बिस्किटं, चॉकलेटं, शेव, सुपाची पाकिटं गोळा केली. मी एकेक वाचत गेले. बिस्किटात दुधाची पावडर, चॉकलेटात दुधाची पावडर, टोमॅटोच्या सुपातसुद्धा दुधाची पावडर. टोपली रिकामी होत चालली तसे तात्या हिरमुसले. “माजाच धंदा आडवा येतोय की गो सगळीकडं.” मग कोंबडीच्या चवीचं सोयाबीन निघालं. ते पाकीट त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. “कोंबडीला मारायचं नाय, पन चव तिचीच पायजे?” तरीही टोपलीत टाकलं, कारण त्यावर दूध लिहिलेलं नव्हतं.

त्या मुलीनं एका कागदी पेल्यात ओट्सचं दूध चाखायला दिलं. तात्यांनी आधी अंगठ्याच्या नखावर थेंब सोडला आणि अंगठा उभा धरला. थेंब तडक मनगटापर्यंत गेला. मी निकालाची वाट बघत होते. “पातळ हाय,” ते म्हणाले, “पन लबाडी नाय. आधीच सांगतात.” मग एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि पेला हातात धरून तसेच उभे राहिले. “एक इचारू का गो बाय तुला?” त्यांनी त्या मुलीला विचारलं. “आमच्या दुधात वाईट काय हाय?”

मला वाटलं, आता हिचं व्याख्यान सुरू होणार. पण पोरगी शहाणी होती. तिनं किटलीकडे पाहिलं, तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “वाईट काही नाही हो अंकल. ते गाईच्या पिल्लासाठी असतं ना, म्हणून काही लोक म्हणतात, आपण नको घ्यायला.”

“म्हंजे कदीच नाय?”

“कधीच नाही.”

“रोज? दिवाळी नाय, शिमगा नाय, रोजच?”

“हो अंकल. रोजच.”

उंच फळीवरचं काढायला ठेवलेलं एक बुटकं स्टूल होतं, त्यावर तात्या किटली मांडीत घेऊन बसले. “म्हंजे पोरीची रोज वसुबारस,” ते म्हणाले. त्या मुलीला कळलं नाही. मला कळलं, तसे ते माझ्याकडे वळले. “आयकलंस का बाय? मीच तिला बोट धरून शिकवलेलं. आज रतीब वासरांचा. मी वर्षातनं एक दिस पाळतो, तर गाव माजं कवतिक करतं. ती पोर रोज पाळते, तर मी तिला ताटावरनं उठवली.” त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मीही पुसले. त्या मुलीनं काही न विचारता आम्हा दोघांना कागदी रुमाल आणून दिले.

मग तात्या ताडकन उठले आणि त्यांच्या अंगात रोजचा तात्या परत आला. कोंबडीच्या चवीचं सोयाबीन फळीवर परत गेलं. “वसुबारशीला आमच्या घरात काय शिजतं, ते मला ठावं नाय का? भाकरी नि गवारीची भाजी. तीच करायची. हे असलं कसाला?” टोपलीत राहिले ते फक्त ओट्सच्या दुधाचे डबे. “चहाला मात्र हे लागंल. मी वर्षातनं एक दिस काळा चहा पितो तर माजं तोंड वाकडं व्हतं. तिनं रोज कसाला प्यावा?” डबे त्यांनी तिथल्या तिथं किटलीत उभे रचले आणि झाकण लावलं, पैसे घेणाऱ्या मुलाला ते परत एकेक करून बाहेर काढावे लागले. आकडा ऐकून तात्या म्हणाले, “माज्या म्हशीनं आयकलं तर संपावर जाईल.” पण पैसे त्यांनी स्वतःच दिले, माझा हात बाजूला सारून.

पुढचं मला दोन ठिकाणांहून कळलं. एस.टी.तला भाग किन्हवलीतल्या ज्याला त्याला तोंडपाठ आहे, आणि दारातला भाग प्राचीनं सांगितला.

वसुबारशीच्या सकाळी तात्यांनी गावभर निरोप द्यायचं काम मुलावर सोपवलं आणि स्वतः किटली घेऊन मुरबाडच्या गाडीत चढले. गाडीत हलकल्लोळ. वसुबारशीला तात्यांच्या हातात भरलेली किटली! कंडक्टर किन्हवलीचाच. “तात्या, तुमी आज दूध घालाय लागलात? मग आमी कुनाकडं बघायचं?” तात्या म्हणाले, “दूध नाय त्यात.” “मग काय हाय?” ओट्स म्हणजे काय, हे त्या गाडीत कुणाला समजावणार? तात्यांनी डब्यावरचं पहिलं आठवून सांगून टाकलं, “पानी हाय.” कंडक्टरनं घंटीची दोरी सोडली आणि दोन्ही हात जोडले. “एवढ्या वर्सांनी कबूल केलंत!” गाडी वाटेतल्या सरळगावपर्यंत हसत होती म्हणतात.

मुरबाडला मामाच्या दारात उभं राहून तात्यांनी हाक दिली, “रतीऽऽब!” प्राची बाहेर आली आणि किटली बघून तिचा चेहरा उतरला. “तात्या, आज? आज वासरांचा दिवस ना?”

“वासरं पोटभर प्यायलीत. हे दुसरं हाय. पातेलं आन.”

तिनं पातेलं आणलं. घरून निघताना डबे किटलीत रिकामे करून घेतले होते. तात्यांनी माप भरलं, ओतलं, आणि मग किटली वाकडी करून वर एक धार सोडली. “हे बायचं.” प्राची वाकून बघत होती. वास निराळा, रंग जरा मातकट. तिच्या लक्षात आलं आणि तिनं मान वर केली. तात्याच म्हणाले, “ठाण्यासनं आनलंय, एक लीटर गुरुजींच्या पोरीबरोबर जाऊन. पानी हाय त्यात. पन मी नाय घातलेलं, डब्यावर लिवलंय.” आणि मग जे बोलायला ते आले होते, ते बोलले. “दूध नको, आयकलं मी. अन्न चालंल का माज्या घरचं? तुज्या आयनं गवार निवडून ठेवलीय.”

प्राची म्हणते, ती हसली. मामी म्हणते, ती अशी रडली की शेजारीण बघायला आली. दोन्ही खरं असेल. दुपारच्या गाडीनं आजा-नात पाड्यावर आले आणि एका पंगतीला बसून भाकरी नि गवार जेवले.

कुणी कुणाला बदललं नाही. तात्या म्हशी पिळत राहिले, प्राची ओट्स पीत राहिली. ती घरी असली की सकाळी तिची किटली वेगळी आणि पहिली. तात्या पातेल्यात डोकावून म्हणायचे, “तुजं पातळ हाय गो,” आणि ती म्हणायची, “तुमचं तरी कुठं घट्ट होतं?” मला फोनवर या बातम्या कळायच्या. आपण काही केलेलं नसताना आपल्यामुळे झालं असं वाटण्याचं जे सुख असतं, ते मी पुरेपूर भोगलं.

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. चार दिवस तापाचं निमित्त झालं. दोन लीटर डॉक्टर आले, दीड लीटर शेट आले, आणि काठी टेकत चालणाऱ्या पाव लीटर मावशी रिक्षा करून ओढ्यापलीकडे पोचल्या. मी पोचले तेव्हा किटल्या गोठ्याच्या भिंतीला उलट्या टांगलेल्या होत्या. त्या बघून मला जे रडू आलं, ते माझ्या स्वतःच्या माणसांसाठीही क्वचितच आलं असेल. म्हशी पुढे ओळखीच्या घरी गेल्या. गाय आणि तिचं वासरू प्राचीनं जाऊ दिलं नाही.

परवाच्या वसुबारशीला संध्याकाळी माझ्या ठाण्याच्या घराची घंटी वाजली. दारात प्राची. हातात पर्स नाही, पिशवी नाही, काही नाही. “आज रतीब वासरांचा,” ती म्हणाली. सकाळपासून तिनं आख्खी किन्हवली पायी पालथी घातली होती. आता तिथं सगळीकडे पिशवीचं दूध येतं, तरी दारोदार सांगून आली होती, आणि प्रत्येक दारात तिला काळा चहा मिळाला होता. “एक लीटर गुरुजींचं घर तिकडे बंद असतं ना,” ती म्हणाली, “म्हणून इथं आले. तात्या म्हणायचे, एक पण दार सुटता कामा नये.”

माझ्या फ्रिजमध्ये दुधाची पिशवी होती. मी तिला हात लावला नाही. काळा चहा टाकला, आम्ही दोघींनी बाल्कनीत बसून तोंड वाकडं करत तो प्यायला, आणि तात्यांच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसलो. ती जायला उठली. दारापर्यंत पोचवताना माझ्या तोंडून आईचाच आवाज निघाला, “बरं, उद्या तरी वेळेवर ये.”

प्राचीनं डोक्यावर नसलेली टोपी सारखी केली. “वासरांनी ठेवलं तर,” ती म्हणाली.